दोन तास पुरतात, पण दर महिन्याला हवेत

नोकरी सांभाळून महिन्याला दोन तास दिले तर वस्तीचं काय भलं होणार, असा प्रश्न बऱ्याच नोकरदारांना पडतो. मी ठाण्यात सीए आहे. चार वर्षं येऊरच्या एका पाड्यावरच्या बचत गटाचा हिशोब बघायला जाते.

पहिल्या दिवशी लॅपटॉपवर तक्ता तयार करून नेला होता. सचिव ताईंनी त्यांची वही पुढे केली. बचत निळ्या शाईत, कर्ज लाल शाईत, प्रत्येक ओळीशेवटी सही, जिला येत नाही तिचा अंगठा. व्याज तेवढं जुळत नव्हतं, कारण अर्धवट हप्ता आला की तो सगळा मुद्दलातून वजा व्हायचा. लॅपटॉप मिटला आणि त्याच वहीत एक रकाना वाढवला. आता बँकेत त्या स्वतःच हिशोब समजावून सांगतात.

छोट्या सामाजिक संस्थांना तर आपल्यासारख्या सीएंची फारच गरज आहे. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सीएसआरला, म्हणजे सामाजिक कामांना, द्यावी लागते. पण एप्रिल २०२१पासून तो पैसा घ्यायला संस्थेला सीएसआर-१ फॉर्म भरावा लागतो, त्यावर प्रॅक्टिस करणाऱ्या सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) किंवा कॉस्ट अकाउंटंटची डिजिटल सही लागते. चांगल्या संस्था इथे अडतात हो! तुम्ही प्रॅक्टिस करत असाल तर कागद नीट तपासून ही सही विनामूल्य करून द्या.

फक्त सुरू करून मध्येच सोडू नका, बायका वाट बघतात. वाशी-नेरूळकडचं कोणी असेल तर कळवा, तुर्भ्यातल्या एका गटाला वही बघणारं माणूस हवंय.