यूपीएससी निबंध : दुसरा निबंध कायम उरकला जातो, मदत हवी आहे

मुख्य परीक्षा मराठी माध्यमातून देणार आहे. निबंधाचा पेपर तीन तासांचा, दोन विभागांतून एकेक निबंध, प्रत्येकी 125 गुण आणि 1000 ते 1200 शब्द. घरी घड्याळ लावून लिहितो, पण पहिल्यावरच पावणेदोन तास जातात आणि दुसरा कसाबसा उरकतो.

शिवाय मधेच विषय सुटतो. 2022 चा, जंगलं हा आर्थिक उत्कृष्टतेचा उत्तम नमुना कसा, हा विषय घेतला होता. सुरुवात बरी झाली : पालापाचोळ्याचं खत होतं, काहीच वाया जात नाही, तिथून चक्रीय अर्थव्यवस्था. तिसऱ्या पानावर गाडी पश्चिम घाट, गाडगीळ समिती, 2006 चा वनहक्क कायदा अशी घसरली. निबंधाऐवजी सामान्य अध्ययनाच्या पेपरातलं उत्तर झालं, अर्थकारण गायब!

आराखड्याला वीस मिनिटं देऊन पाहिली. मुद्दे जमतात, लिहायला वेळ उरत नाही. सोपा विषय आधी घेऊनही फरक नाही. हात जोरात चालवला की अक्षर मलाच लागत नाही. नोकरी असल्यामुळे क्लास शक्य नाही. पाठ केलेल्या प्रस्तावना कृपया सुचवू नका, त्या कुठल्याही विषयाला चिकटतात हीच त्यांची अडचण आहे.

मराठीतून हा पेपर दिलेल्यांना विचारायचंय : दोन्ही आराखडे सुरुवातीलाच करून घेता, की एक निबंध संपवून दुसऱ्याचा? आणि परिच्छेद विषयाला धरून राहावा म्हणून आराखड्यात मुद्द्यांशिवाय नेमकं काय लिहून ठेवता?