डॉक्युमेंटरीत मागे रेडिओ वाजतोय, आता काय?

फिल्मवेडी: मास कॉमच्या शेवटच्या वर्षाची ९ मिनिटांची फिल्म एडिट करतेय. शिंपीकाकांच्या मुलाखतीत मागे रेडिओवर गाणं लागलंय, १४ सेकंद. सीनियर म्हणतात, १० सेकंदांपर्यंत चालतं, वर शेवटी श्रेय दिलं की झालं. खरंय?

कटपेस्ट: हा १० सेकंदांचा नियम मीही कॉलेजात ऐकलाय, कायद्यात मात्र कधी सापडला नाही. १८८६ च्या बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारात, आज अवतरणाची (दुसऱ्याच्या कलाकृतीतला तुकडा घेण्याची) मुभा आहे, पण त्यात सेकंद मोजलेले नाहीत. हेतूला साजेसं आणि गरजेपुरतं, एवढंच. श्रेय म्हणजे परवानगी नव्हे. शिवाय हक्क दोन: शब्द-चालीचा वेगळा, रेकॉर्डिंगचा वेगळा. एकाचीच परवानगी आणून मी तोंडावर आपटलोय. फिल्म टाकली आणि सकाळी बघतो तर आवाजच गायब!

तुझ्या बाबतीत मात्र एक आशा आहे. शूटिंगमध्ये सहज, ओघात आलेल्या आवाजाला बऱ्याच देशांत सूट असते. फक्त त्या गाण्याच्या ठेक्यावर कट मारले असशील, तर 'सहज आलं' म्हणणं अवघड.

फिल्मवेडी: अरे देवा. ठेक्यावरच मारलेत.

बूमवाला: काकांच्या कॉलरला माइक होता ना? तो ट्रॅक ऐकून बघ, त्यात रेडिओ पुसट असेल. खाली रूम टोन, म्हणजे कोणी बोलत नसतानाचा त्या खोलीचा आवाज, टाक आणि कट नव्याने लाव. काकांची संमती लेखी आहे का?

फिल्मवेडी: तोंडी. कॅमेऱ्यासमोरच "दाखव की" म्हणाले.

कटपेस्ट: मग ती मूळ क्लिप डिलीट करू नकोस. आणि उद्या जाऊन सहीही घे.