मदत हवी आहे: हे खापर मेक्सिकोतल्या पुएब्लाचं की स्पेनमधल्या सेव्हिलचं?

नमस्कार मंडळी. फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टिनला (स्पॅनिशांनी १५६५ साली वसवलेलं गाव) उत्खननातली खापरं धुवायला मी दर शनिवारी जाते. काल अंगठ्याच्या नखाएवढा एक तुकडा मिळाला. पांढरट कथील-झिलई, त्यावर हाताला लागतील असे जाड निळे ठिपके आणि भोवती काळ्या रेषांची लेससारखी जाळी. इतकी नाजूक, की बघतच राहिले!

जाळीमुळे मला हे मेक्सिकोचं पुएब्ला पॉलिक्रोम (तिथल्या बहुरंगी भांड्यांचा एक प्रकार) वाटतंय, म्हणजे साधारण १६५० ते १७२५. पण कड तुटलीय तिथे माती विटकरी नाही, फिकट बदामी आहे. पुएब्लात दोन्ही रंगांची माती सापडते ना? सेव्हिलचा माल भिंगातून वेगळा कसा ओळखायचा? पिशवीवर चुकीचं नाव लिहायचं नाहीये, जाणकारांनी कृपया सांगा.