बाईचा खलबत्ता

आपल्या पणजीची जन्मतारीख कुणालाच माहीत नव्हती, असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं आणि आमची आजी डोळ्यासमोर उभी राहिली. सगळेच तिला बाई म्हणायचे, बाबा आणि काका पण. वय विचारलं की आकडा नाहीच, "कोयनेचा भूकंप झाला तवा तुजा धाकटा काका अंगावर पीत हुता" एवढंच, म्हणजे डिसेंबर १९६७, मग तिथून मागे मोजत मोजत आम्ही नव्वदीच्या पुढे जायचो. पाटण तालुक्यातलं गाव, ती पहाट शेवटपर्यंत सांगायची, मडक्यांची उतरंड कशी कोसळली, लेकरं काखेत मारून ती अंधारात अंगणात कशी धावली, मग थंडीत कित्येक रात्री सगळे बाहेरच झोपले. पाचच वर्षांनी बहात्तरचा दुष्काळ. तिचं माहेर माण तालुक्यातलं, तिकडे भाऊ-भावजय दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे आणि रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिळायचा, त्याची भाकरी नीट थापताच येत नाही, कडेनं तुटते. म्हणून आमच्या ताटात भाकरीचा तुकडा राहिला तर ओरडायची नाही, उचलून स्वतः खायची, ते जास्त लागायचं.

दात गेल्यावर पान छोट्या पितळी खलबत्त्यात कुटायची, दुपारी घर शांत असलं की तेवढाच ठक ठक आवाज. तो खलबत्ता आता माझ्याकडे आहे, आतून काताचा लाल डाग अजून तसाच आहे, मी मुद्दाम घासलेला नाही.