उलुरूवर चढता येत नाही, मग जायचं कशाला?

पंचवटीकर
जुलैत लेकीकडे सिडनीला चाललोय. ती उलुरूची, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी असलेल्या त्या प्रचंड खडकाची, तिकिटं काढायची म्हणतेय. आमच्या ह्यांनी हरिहर, रामशेज, अंजनेरी सगळं पालथं घातलंय. २०१९पासून त्या खडकावर चढायला बंदी आहे हे कळल्यापासून घरात धुसफुस चालू आहे. "एवढे पैसे घालून खालूनच बघायचं?" कुणी गेलंय का? पायथ्याशी काही आहे, की नुसता सूर्यास्ताचा फोटो काढायचा नि परत यायचं?

कळवणची लेक
ताई, काकांना विचारा, सप्तशृंगगडाच्या शिखरावर कधी गेलात का? आपण देवीपर्यंत पायऱ्या चढतो नि मागे फिरतो. वर ध्वज लावायचा मान दरेगावच्या गवळी पाटलांचा. त्यावर कुणी तक्रार केल्याचं मी तरी ऐकलं नाही.

तिथल्या अनांगू लोकांचं, म्हणजे मूळ रहिवाशांचं, म्हणणं हेच होतं, फक्त त्यांचं ऐकायला फार वर्षं लागली. २६ ऑक्टोबर १९८५ला जमीन त्यांच्या नावावर झाली, पण लगेच ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने राष्ट्रीय उद्यानासाठी सरकारला द्यावी लागली. (याला परत देणं म्हणायचं का, तुम्हीच ठरवा.) चढणं सुरूच राहिलं. पस्तीसहून जास्त माणसं तिथे मेली. वर संडास नाही, त्यामुळे पाऊस आला की सगळी घाण खालच्या पाणवठ्यांत. अनांगूंचं बहुमत असलेल्या उद्यान मंडळाने २०१७त ठराव केला, तेव्हा कुठे २६ ऑक्टोबर २०१९ला वाट बंद झाली.

मी ॲडलेडला नोकरीत असताना गेले होते. मुटिजुलू पाणवठ्याकडची वाट चुकवू नका. अनांगूंच्या कथेत कुनिया नावाच्या अजगरीच्या भाच्याला लिरूंनी, म्हणजे विषारी सापांनी, मारलं. तिने एका लिरूच्या डोक्यात काठी घातली, आधी हलकेच, मग जीव जाईल अशी. ते दोन घाव कड्यावर भेगा होऊन राहिलेत. गाईडने बोट दाखवलं, तोवर मला ती साधी चिरलेली भिंत वाटत होती. शेजारच्या कपारीत जुनी चित्रंही आहेत.

सह्यभटक्या
गडाची तुलना मला अर्धीच पटते. आपल्याकडे शिखर सोडलं तर बाकी गडावर दुकानंच दुकानं. तिथे हॉटेलं उद्यानाच्या हद्दीबाहेर, युलारा गावाला हलवली आहेत. चढाईप्रेमी काकांना पायथ्याची पूर्ण फेरी करू द्या, १०.६ किलोमीटर आहे. काही भागांत फोटो काढू नका अशा पाट्या दिसतील, तिथे मोबाइल खिशात. जवळच काटा जुटा नावाचे खडकाचे ३६ घुमट आहेत, तेही बघा. तिथल्या 'व्हॅली ऑफ द विंड्स'मध्ये चढ-उताराची हौस फिटेल. जुलैत पहाटे पारा कधीकधी शून्याखालीही जातो, कानटोपी न्या.

पंचवटीकर
गडाचं वाचून हे गप्प झालेत, पण १०.६ म्हटल्यावर बूट शोधायला लागलेत. लेकीला तिकिटं काढ म्हणून कळवलंय. युलाराला स्वतःचं जेवण करता येईल अशी सोय असते का? ह्यांना तिन्ही त्रिकाळ ब्रेड चालत नाही.