मासा गळाला : लागला की सुटला?

परवा आम्ही सगळे नदीवर मासे धरायला गेलो होतो. भाचीने महिनाभर गळ घातली, म्हणून बाबांनी एकदाचा गळ टाकला. (हे वाक्य बाबांचंच. दोन्ही गळ एका दमात बसवले म्हणून दिवसभर स्वतःवर खूश होते.)

सकाळभर बूच पाण्यावर ढिम्म. दुपारी ते गपकन खाली गेलं, तंगूस ताणली गेली, बाबा "ढील दे, ढील दे" म्हणून ओरडताहेत आणि भाची काठी छातीशी धरून मागे मागे सरकतेय. मासा वर आला, उन्हात एकदा चमकला आणि काठापासून हातभर अंतरावर सुटून परत पाण्यात. मी बहिणीला निरोप पाठवला, "मासा गळाला." मला म्हणायचं होतं, गळून पडला. तिने वाचलं, गळाला लागला. संध्याकाळी रिकामी बादली घेऊन आलो तर सगळं घर दारात उभं.

माझं वाक्य चुकलं का? आणि 'गळ घालणे'मधला गळ तो हाच का?

प्रतिसाद :
चुकलं नाही, पण दोष तुमचाच. वर्तमानपत्रांनी आपल्याला 'अमुक नेता तमुक पक्षाच्या गळाला' अशी क्रियापद गिळलेली वाक्यं वाचायची सवय लावली आहे. तिथे 'लागला' आपण मनातच जोडतो. ताईंनीही तेच केलं. 'सुटला' किंवा 'निसटला' लिहायला काय झालं होतं?

प्रतिसाद :
मला हे वाक्य फार आवडलं. गळ या नामाला 'ला' लागताना सामान्यरूप होतं, म्हणून 'गळाला'. आणि गळणे या क्रियापदाचा भूतकाळ 'गळला' किंवा 'गळाला'. हा मधला आ पळाला, मिळाला, निघाला यांतही दिसतो. जळ आणि पळ यांचंही असंच आहे. 'जळाला' म्हणजे पाण्याला, आणि जळून गेला तोही जळाला. 'पळाला' म्हणजे धावला, आणि पळ या कालमापालाही पळालाच म्हणणार. पण तळणे, छळणे यांचं तसं होत नाही. ती सकर्मक आहेत, तिथे तळला, छळला. त्यामुळे 'तळाला' म्हटलं की फक्त बूड आठवतं, वाचणाऱ्याचा घोटाळा होत नाही.

पळ म्हणजे २४ सेकंद, हेही सांगून ठेवतो. तुमचा मासा तेवढाही हवेत नसेल.

प्रतिसाद :
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. लिंग पाहा. गळ टाकला, पण गळ घातली. माशाचा तो पुल्लिंगी, आग्रहाची ती स्त्रीलिंगी. ही दुसरी 'घालणे'ला सोडून एकटी कुठे जात नाही, 'तिची गळ मोठी होती' असं कोणी बोलत नाही. मला त्यात गळ्यात पडण्याचा भाव ऐकू येतो, पण हा माझा कान झाला, पुरावा नव्हे. माशाच्या गळाला कन्नडमध्ये गाळ म्हणतात, तेलुगूत गालमु. तेव्हा माशाच्या घशात अडकतो म्हणून गळ, ही सोपी व्युत्पत्ती देण्याआधी तिकडेही पाहावं. (आपला तळाशी बसणारा गाळ वेगळा.)

प्रतिसाद :
आमच्याकडे कोकणात गळापेक्षा गरी. 'गरवायला जातो' म्हटलं की काम भागतं, घोटाळ्याला जागाच नाही.

मूळ प्रश्नकर्ता :
सगळ्यांचे आभार. 'गरवणे' उचलतोय.

एक भर माझी. दिवसभरात 'आमिष' हा शब्द एकदाही कोणी उच्चारला नाही. पीठ लाव, गांडूळ लाव, एवढंच. आमिष आता नोकरीचं नाहीतर लग्नाचं, तेही बातमीत. संस्कृतात आमिष म्हणजे मांस, म्हणून तर सामिष आणि निरामिष. भाचीला गांडुळाला हात लावायचा नव्हता, तिने कणकेच्या गोळ्या लावल्या. म्हणजे आमचं आमिषही निरामिष! आणि मासा डोळे मिटत नाही का, असं तिने विचारलं तेव्हा मला 'अनिमिष' आठवला. ज्याची पापणी लवत नाही तो. संस्कृतात देवालाही म्हणतात आणि माशालाही. आमिषाशी नातं काही नाही, नुसता कानाचा खेळ.

राहता राहिला मासा का सुटला. घरी आल्यावर गळ पाहिला तर टोकाजवळचा उलटा काटा पकडीने चेपून सपाट केलेला. पोरीच्या बोटात रुतला तर निघायचा नाही, म्हणून बाबांनी आदल्या रात्री स्वतःच चेपला होता. तो काटा नसला की दोरी सैल होताच मासा सुटतो. आणि "ढील दे" म्हणून ओरडत होते तेही तेच.