ऑस्ट्रेलियाचा प्रोटेक्शन व्हिसा: अर्ज व्हॅलिड कशानं धरतात?

मानेवाडा_नागपूर
मावसभाऊ मेलबर्नला शिकायला गेला, बायको सोबतच आहे. लग्न आंतरजातीय, तिच्या घरच्यांनी जिवे मारायच्या धमक्या दिल्या होत्या अन् अजूनही गावावरून फोन येऊन राहिले. आता स्टुडंट व्हिसा संपत आला. सीताबर्डीतला एक एजंट म्हणतो प्रोटेक्शन व्हिसा टाकून द्या, मजकूर मी लिहितो, तुम्ही फक्त सही करा. मला काही हे पटून नाही राहिलं. नियम काय आहे?

सिडनीत_होतो
भाऊ, सही अजिबात नका करू. हा सबक्लास ८६६ चा व्हिसा, मायदेशी परतल्यावर छळाचा किंवा गंभीर इजेचा धोका असलेल्यांसाठी, अर्ज करताना माणूस ऑस्ट्रेलियातच पाहिजे, नागपुरातून भरताच येत नाही. तिथं व्हिसा घेऊन, इमिग्रेशन चेक होऊन रीतसर शिरलेला पाहिजे, हे तुमच्या भावाचं आहेच. अर्ज ऑनलाइन इमीअकाउंटमधून (तिथल्या सरकारचं व्हिसा अर्जाचं ऑनलाइन खातं) जाते, फी भरायची, सगळी उत्तरं द्यायची, बायोमेट्रिक मागितलं तर द्यायचं. यातलं काही राहिलं की अर्ज इनव्हॅलिड, म्हणजे केस कोणी वाचतच नाही. आणि एकदा नाकारला गेला की मायग्रेशन ॲक्ट १९५८ च्या कलम ४८ए मुळं तिथं राहून दुसऱ्यांदा टाकता येत नाही, मंत्र्यानं स्वतः परवानगी दिली तरच. म्हणून दुसऱ्यानं रचलेली गोष्ट टाकून ही एकच संधी घालवू नका.

वकीलताई_सिव्हिललाइन्स
वरचं बरोबर आहे, पण व्हॅलिड म्हणजे मंजूर नव्हे. पुढं खरी परीक्षा. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गट, यापैकी कारणानं छळाची भीती दाखवावी लागते, त्यात बसलं नाही तर गंभीर इजेच्या धोक्यावर पूरक संरक्षण आहे. तुमच्या केसमध्ये अधिकारी हमखास विचारेल की मुंबई-पुण्याला का नाही राहत, पोलिसांकडे का नाही गेले. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये शक्ती वाहिनी केसमध्ये अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात स्पेशल सेल काढायला सांगितलेत, त्यामुळं संरक्षण मागितलं होतं का, मागितल्यावर काय झालं, हे तारखांसकट लिहा. तक्रारीची प्रत, धमकीचे मेसेज, सगळं जमवा, मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागेल. सगळे मुद्दे पहिल्याच अर्जात येऊ द्या, पुढं ट्रिब्युनलमध्ये (नकारावरचं अपील ऐकणारं न्यायाधिकरण) नवीन मुद्दा काढला अन् उशिराचं कारण पटलं नाही तर तो विश्वासार्ह नाही असं धरतात.

मानेवाडा_नागपूर
ताई, वहिनीचा वेगळा अर्ज लागते का? धमक्या तर तिच्याच माहेरच्या आहेत.

वकीलताई_सिव्हिललाइन्स
एकाच अर्जात दोघं येतात, पण तिची भीती तिच्या शब्दांत वेगळी मांडा, नवऱ्याच्या नावाखाली एका ओळीत गुंडाळू नका, माझ्या मते केसचा जीव तिथंच आहे. व्हिसा चालू असतानाच टाका म्हणजे निकालापर्यंत ब्रिजिंग व्हिसावर, म्हणजे मधल्या काळापुरत्या तात्पुरत्या व्हिसावर, राहता येईल. अन् सल्ला तिथल्या रजिस्टर्ड मायग्रेशन एजंटचा किंवा वकिलाचाच घ्या, एजंटचं नाव सरकारी रजिस्टरवर ऑनलाइन तपासता येतं.